एनएफएल ड्राफ्ट: जोखमीचा बचावपटू घ्यायचा की सोडायचा, हे ठरवायचं कसं

दर एप्रिलला एनएफएल ड्राफ्ट (अमेरिकन फुटबॉल लीगच्या संघांनी कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडायचा कार्यक्रम) जवळ आला की बे एरियापासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी मित्रमंडळींच्या ग्रुपांवर एक वाद हमखास पेटतो. कॉलेजात धुमाकूळ घातलेला एखादा बचावपटू असतो. त्याचा गुडघा फाटलेला असतो, किंवा पोलिसांत नोंद झालेली असते, किंवा शरीर राक्षसी असूनही सॅक (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, म्हणजे क्वार्टरबॅकला, फेकीआधीच पाडणं) मोजकेच असतात. अर्धे म्हणतात, असा खेळाडू पुन्हा मिळायचा नाही, घ्या. उरलेले म्हणतात, पहिली फेरी वाया घालवू नका. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

हा वाद चुकतो तो क्रमामुळे. नाव आधी मनात ठरलेलं असतं आणि कारणं नंतर गोळा होतात. शिवाय 'घ्यावा का?' या प्रश्नाला एकट्याने उत्तरच नाही. 'कितव्या पिकला, कोणत्या संघात आणि कशाच्या बदल्यात?' हे शेजारी लिहिल्याशिवाय त्यावर बोलणं व्यर्थ आहे. (पिक म्हणजे संघाच्या निवडीची पाळी आणि तिचा क्रमांक.) खाली दिलेला क्रम मित्रांमधल्या मॉक (लुटुपुटूच्या) ड्राफ्टसाठी आहे, पण संघांच्या कार्यालयांत चुका होतात त्याही याच जागी. पायऱ्या गाळू नका आणि वरखालीही करू नका.

## तयारी: बोलायला बसण्याआधी टेबलावर काय हवं

ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यात एवढं जमवा:

- त्या खेळाडूचे तीन पूर्ण सामने: एक सर्वोत्तम, एक सर्वात वाईट आणि एक समोरची ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला राखणारी फळी) तगडी असलेला. पाच मिनिटांच्या हायलाइट्सवर मत बनवणाऱ्याला चर्चेत मत देऊ नका.
- दुखापतींची तारीखवार यादी: कधी झाली, कोणता अवयव, शस्त्रक्रिया कधी, त्यानंतर किती सामने खेळला.
- कायद्याच्या बाबतीत न्यायालयात प्रत्यक्ष नोंदलेलं काय आहे ते. अफवा वेगळ्या कागदावर.
- कम्बाइन (ड्राफ्टआधीची लीगची शारीरिक चाचणी) आणि प्रो डे (तशीच चाचणी कॉलेजात) यांचे आकडे, वय, कॉलेजातली वर्षं.
- संघाकडची सगळी पिक, बचाव फळीतल्या खेळाडूंचे करार कधी संपतात आणि मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची किती पक्की आहे.
- पिकच्या मोलाचा तक्ता. डॅलसचे माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा जुना तक्ता सुरुवातीला पुरतो. त्यात पहिल्या पिकला ३००० गुण आहेत, दहाव्याला १३००, बत्तिसाव्याला ५९० आणि शंभराव्याला १००.

इशारा. आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या लिलावाची सवय असलेले वाचक इथे पहिली चूक करतात. लिलावात जोखीम वाटली तर बोली कमी लावता येते. ड्राफ्टमध्ये बोली नसते. २०११ पासून नवख्या खेळाडूचा करार पिकच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेला असतो. म्हणजे तुम्ही मोजता ती किंमत पैशाची नसते, त्या क्रमांकाला मिळू शकणाऱ्या दुसऱ्या खेळाडूची असते. हा दुसरा खेळाडू चर्चेत नसेल तर चर्चा अर्धीच आहे.

## टप्पा १: खेळाचा दर्जा, जोखीम झाकून

आधी फक्त खेळ बघा. गुडघा नाही, पोलीस नाही, मुलाखत नाही. प्रत्येकाने तीन सामने स्वतंत्र बघून एक दर्जा कागदावर लिहायचा: वरच्या दहातला, पहिल्या फेरीतला, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतला की त्याखालचा. कागद घडी घालून ठेवायचा आणि कोणाचं मत काय हे तोवर विचारायचं नाही.

घडी घालण्याला कारण आहे. एकदा का ग्रुपमधला जाणता माणूस 'हा तर पुढचा वॉरेन सॅप' (टँपा बेचा गाजलेला बचावपटू) असं म्हणाला, की बाकीचे त्याच्याभोवती आपली मतं फिरवतात. मग पाच मतं असल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात मत एकच असतं.

बचावपटूच्या टेपवर, म्हणजे सामन्यांच्या चित्रफितींत, काय बघायचं हे जागेनुसार बदलतं, पण दोन गोष्टी सगळ्यांना लागू आहेत. सॅकचा आकडा बघण्याआधी तो सॅक कसा आला ते बघा: समोरच्याला हरवून आला, की क्वार्टरबॅक स्वतःच त्याच्या अंगावर धावत आला? दुसरं, चौथ्या क्वार्टरमधले स्नॅप (एकेक डाव) वेगळे काढून बघा. पहिल्या दहा मिनिटांत वादळ असणारा खेळाडू पन्नासाव्या स्नॅपला कंबरेवर हात ठेवून उभा असेल तर तो दर्जात धरायचा, जोखमीत नाही.

तपासणी. घड्या उघडल्यावर दर्जांमध्ये दोन पायऱ्यांहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. पुन्हा टेप बघा. खेळाबद्दलच एकमत नसताना जोखमीवर वाद घालून काही निघत नाही.

## टप्पा २: जोखीम नेमकी कोणत्या जातीची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. 'रेड फ्लॅग' असं म्हणून लोक फाटलेला गुडघा, गांजाची चाचणी, मारहाणीचा गुन्हा आणि कमी सॅक हे सगळं एकाच पोत्यात भरतात. प्रत्येकाचं मोजमाप वेगळं, इलाज वेगळा आणि कळायला लागणारा वेळही वेगळा.

### शरीराची जोखीम

तीन प्रश्न विचारा: दुखापत एकदाच झाली की पुन्हा पुन्हा, कोणत्या भागाला झाली आणि त्यानंतर तो खेळला आहे का.

टेनेसी टायटन्सची दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा, कारण दोन्ही निर्णय एकाच जनरल मॅनेजरचे, जॉन रॉबिन्सन यांचे आहेत. २०१९ मध्ये मिसिसिपी स्टेटचा डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या पुढच्या फळीत मधे उभा राहणारा) जेफरी सिमन्स फेब्रुवारीत सराव करताना एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध) फाडून बसला. टायटन्सने त्याला १९व्या पिकला घेतलं. त्याच ऑक्टोबरात तो मैदानावर उतरला आणि पुढे दोनदा ऑल-प्रोच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या) दुसऱ्या संघात आला. २०२१ मध्ये त्यांनी व्हर्जिनिया टेकचा कॉर्नरबॅक (चेंडू झेलणाऱ्यांना रोखणारा बचावपटू) केलेब फार्ली २२व्या पिकला घेतला. त्याचा गुडघा २०१७ मध्ये फाटला होता, मग पाठीचं दुखणं मागे लागलं आणि ड्राफ्टच्या साधारण महिनाभर आधी पाठीवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. कोविडमुळे २०२० चा हंगाम त्याने सोडला होता. पहिल्याच हंगामात त्याचा एसीएल फाटला, नंतर पाठ पुन्हा उलटली आणि २०२३ चा पूर्ण हंगाम गेला.

दोघेही ड्राफ्टच्या वेळी दुखापतग्रस्त होते, म्हणून दोघांना एकच शिक्का बसला होता. पण सिमन्सची दुखापत एक, नेमकी आणि बरी व्हायचा रस्ता माहीत असलेली होती. फार्लीच्या बाबतीत दोन वेगळे भाग होते, त्यातला एक पाठीचा कणा आणि तोही परत परत दुखावलेला. शिवाय कॉर्नरबॅकला पूर्ण वेगात कंबर वळवावी लागते, तिथे पाठ साथ देत नसेल तर लपायला जागा नसते. जागा आणि दुखापत यांची अशी जोडी लावून बघायची सवय ठेवा.

दुखापतीनंतर खेळून दाखवणं हा सगळ्यात भक्कम पुरावा. लायातू लाटूला मानेच्या दुखापतीमुळे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी खेळ सोडायला सांगितलं होतं. यूसीएलएने त्याला परवानगी दिली, तिथे तो दोन पूर्ण हंगाम खेळला आणि २०२३ मध्ये १३ सॅक केले. इंडियानापोलिसने २०२४ मध्ये त्याला १५व्या पिकला घेतलं, तेव्हा त्यांच्यापुढे दोन वर्षांची टेप होती.

इशारा. आपण डॉक्टर नाही, आणि खेळाडूची वैद्यकीय फाइल आपल्याकडे नाही. संघांकडे असते, पण सगळ्यांकडे सारखी नाही. नोत्र दामचा लाइनबॅकर जेलन स्मिथ १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बोल या कॉलेज सामन्यात जखमी झाला. अस्थिबंधांबरोबर नसही दुखावली होती. डॅलसने त्याला ३४व्या पिकला घेतलं, कारण त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डॅलसच्याच संघ-डॉक्टरांनी केली होती. तो एक वर्ष बसला आणि २०१९ मध्ये प्रो बोलपर्यंत (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सन्मानापर्यंत) गेला. हीच निवड दुसऱ्या संघाने केली असती तर तो अंदाज असता. चर्चेत 'कोणाला काय माहीत आहे' हा रकाना ठेवाच.

### वागणुकीची आणि कायद्याची जोखीम

इथे आधी एक रेघ मारा: कोणत्या गोष्टीसाठी आपण कोणत्याही पिकला घेणार नाही. माझ्या मते ही रेघ नाव समोर येण्याआधी, म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच लिहिलेली असावी. नाव समोर आल्यावर मारलेली रेघ त्या नावाभोवती वळण घेते. स्त्रीवरच्या हिंसेचा सिद्ध गुन्हा आणि गांजाची चाचणी यांना एकाच मापाने तोलणारा तक्ता मुळात चुकीचा आहे, मग त्यातले गुण कितीही बारकाईने काढलेले असोत.

रेघेच्या अलीकडे जे येतं त्यासाठी चार गोष्टी लिहा: काय घडलं, तेव्हा वय किती होतं, किती वेळा घडलं आणि त्यानंतरची नोंद काय. सगळ्यात जास्त वजन चौथ्या गोष्टीला द्या. सिमन्सकडे पुन्हा येऊ. तो शाळेत असताना, २०१६ मध्ये, भांडणात जमिनीवर पडलेल्या स्त्रीला मारतानाचा त्याचा व्हिडिओ बाहेर आला होता. त्या प्रकरणामुळे त्याला कम्बाइनचं आमंत्रणही मिळालं नाही. टायटन्ससमोर त्यानंतरची कॉलेजातली तीन वर्षं होती, ज्यांत दुसरी तक्रार नव्हती. हे पुरेसं होतं की नाही यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात आणि एखाद्या संघाची रेघ त्याच्या अलीकडेच पडली असेल तर ती मान्य करायला हवी. पण वाद व्हायचा तर त्या तीन वर्षांवर व्हावा.

जॉर्जिया विद्यापीठाचा डिफेन्सिव्ह टॅकल जेलन कार्टर याचं प्रकरण जड आहे. जानेवारी २०२३ मध्ये जॉर्जियाच्या संघातला एक खेळाडू आणि संघाची एक कर्मचारी गाडीच्या अपघातात गेले. त्या रात्री शर्यत लावल्याच्या आणि बेदरकार गाडी चालवल्याच्या आरोपांवर कार्टरने न्यायालयात 'नो कॉन्टेस्ट' (गुन्हा कबूल न करता आरोपाला विरोध न करणं) म्हटलं आणि त्याला १२ महिन्यांचं प्रोबेशन मिळालं. त्यानंतर प्रो डेला त्याचं वजन वाढलेलं होतं आणि सराव त्याने पुरा केला नाही. ही दुसरी घटना पहिलीच्या मानाने क्षुल्लक आहे, तरी ती वेगळ्या ओळीत लिहायची, कारण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते: कठीण काळात हा मुलगा स्वतःची तयारी ठेवतो का?

नियम बदलतात हेही विसरू नका. नेब्रास्काचा रँडी ग्रेगरी २०१५ च्या कम्बाइनमध्ये गांजाच्या चाचणीत अडकला, ६०व्या पिकपर्यंत घसरला आणि नंतर डॅलसकडे असताना त्याचे हंगामच्या हंगाम निलंबनात गेले. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेमधल्या २०२० च्या सामूहिक करारानंतर केवळ गांजाच्या चाचणीमुळे सामन्यांचं निलंबन होत नाही. त्यामुळे २०१५ चा धडा आज तसाच लावला तर हिशेब चुकेल.

### कच्चेपणाची जोखीम

शरीर आहे, वेग आहे, आकडे नाहीत. इथे एकच प्रश्न कामाचा: आकडे का नाहीत? ट्रॅव्हॉन वॉकरने २०२१ मध्ये जॉर्जियाकडून ६ सॅक केले, तर मिशिगनच्या एडन हचिन्सनने १४. तरी जॅक्सनव्हिलने २०२२ मध्ये पहिल्या पिकला वॉकरला घेतलं, कारण जॉर्जियाच्या रचनेत त्याला आत उभं राहून इतरांसाठी वाट मोकळी करायची असे. म्हणजे कमी आकड्यांमागे भूमिकेचं कारण होतं. दोघांची टेप शेजारी ठेवली तरी मी हचिन्सनच निवडला असता, कारण जे दिसलं आहे ते पुढे दिसेल अशी शक्यता नेहमी थोडी जास्त असते. पण वॉकरची बाजू मांडता येते, एवढं मान्य करावं लागेल.

उलटही घडतं. व्हर्नन गोल्स्टनकडे आकडे होते, शरीरही होतं. जेट्सने २००८ मध्ये त्याला सहाव्या पिकला घेतलं आणि तीन हंगामांत त्याने एकही सॅक केला नाही. म्हणून सॅकची संख्या आणि कम्बाइनचा आकडा, दोन्ही टेपच्या खाली ठेवायचे.

रचनेत बसण्याची जोखीम, म्हणजे तीनच्या आघाडीतला खेळाडू चारच्या आघाडीत नेणं, ही चौथी जात. ती बरीचशी प्रशिक्षकांच्या हातात असते, म्हणून ती पाचव्या टप्प्यात घेऊ.

## टप्पा ३: बातमी किती पक्की, ते लावून बघा

जोखमीच्या प्रत्येक ओळीपुढे तिचा उगम लिहा. न्यायालयाची नोंद सगळ्यात वर. त्याखाली संघाचं किंवा विद्यापीठाचं अधिकृत निवेदन. मग नाव देऊन लिहिणाऱ्या पत्रकाराची बातमी. 'एका स्काउटने सांगितलं' हे सगळ्यात खाली, कारण एप्रिल महिन्यात संघ एकमेकांना फसवायला अशी वाक्यं मुद्दाम सोडतात.

घाईत काय होतं याची दोन उदाहरणं. २०१७ मध्ये ओहायो स्टेटच्या गॅरियन कॉन्लीवर ड्राफ्टच्या आठवड्यात गंभीर आरोप झाला. रेडर्सने त्याला २४व्या पिकला घेतलं आणि उन्हाळ्यात ग्रँड ज्युरीने आरोपपत्र ठेवायला नकार दिला. २०१९ मध्ये मॉन्टेझ स्वेट हृदयाच्या निदानामुळे घसरला आणि ते निदानच चुकीचं असावं अशी बातमी ड्राफ्टच्या दिवशी आली. वॉशिंग्टनने आपली पिक देऊन वरचा क्रमांक मिळवला, त्याला २६व्या पिकला घेतलं आणि तो वर्षानुवर्षं खेळला.

यावरून 'सगळ्या बातम्या खोट्या' असा निष्कर्ष काढू नका. ज्या ओळीचा उगम कच्चा, तिला कागदावर कच्ची म्हणा आणि ती खरी ठरली तर निर्णय बदलतो का, तेवढं लिहून ठेवा. बदलत नसेल तर त्या ओळीवर वेळ घालवू नका.

## टप्पा ४: किंमत

आता गणित. चार रकाने करा: तारा, नियमित खेळणारा, आलटूनपालटून उतरणारा, निरुपयोगी. त्यांना अनुक्रमे १०, ५, २ आणि ० गुण द्या. खालचे टक्के मी पद्धत दाखवायला घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा.

जोखमीचा पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा): तारा ३० टक्के, नियमित २०, आलटूनपालटून १५, निरुपयोगी ३५. बेरीज ३ + १ + ०.३ = ४.३.

त्याच पिकला मिळणारा सुरक्षित टॅकल: तारा ८, नियमित ४७, आलटूनपालटून ३०, निरुपयोगी १५. बेरीज ०.८ + २.३५ + ०.६ = ३.७५.

जोखमीचा जिंकला. आता त्याच्या तारा रकान्यातले फक्त १० टक्के काढून निरुपयोगीत टाका: २० आणि ४५. बेरीज ३.३ होते आणि निर्णय उलटतो. सगळा वाद या दहा टक्क्यांचा आहे. म्हणून 'तो महान आहे' आणि 'तो धोकादायक आहे' ही भाषणं थांबवा आणि हे दहा टक्के कोणत्या माहितीने हलतील, ते शोधा.

मग तोच तक्ता चार वेगवेगळ्या पिकांसाठी भरा. नवव्या पिकला सुरक्षित पर्याय चांगला मिळतो, चाळिसाव्याला तो पातळ होतो. म्हणून एकच खेळाडू नवव्याला चूक आणि चाळिसाव्याला उत्तम निर्णय असू शकतो. ज्या क्रमांकाला जोखमीच्या खेळाडूची बेरीज पर्यायाच्या वर जाते, तो क्रमांक लाल शाईने लिहा. हाच तुमचा 'कितव्या पिकला'.

दुखापतीच्या बाबतीत अजून एक वजाबाकी करायची राहते. पहिल्या फेरीचा करार चार वर्षांचा, त्यापुढे पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे. दुसऱ्या फेरीपासून फक्त चार. खेळाडू पहिलं वर्ष बाहेर बसणार असेल तर स्वस्त कराराचा चौथा हिस्सा गेलाच. तारा ठरला तरी तो तीनच वर्षं स्वस्तात मिळतो. बहुतेक ग्रुप ही वजाबाकी विसरतात.

इशारा. जोखमीच्या खेळाडूसाठी पिक विकून वर चढू नका. मायामीने २०१३ मध्ये १२वं आणि ४२वं पिक देऊन तिसऱ्या क्रमांकावर डायन जॉर्डनला घेतलं. तो खांद्याच्या शस्त्रक्रियेतून उठत होता, पुढे निलंबनं आली आणि पिक दोन गेली. १९९५ मध्ये फिलाडेल्फियाने कम्बाइन गाजवलेल्या माइक मामुलासाठी सातव्या क्रमांकावर उडी घेतली. त्या बदल्यात मिळालेल्या १२व्या पिकला टँपा बेने घसरत आलेल्या वॉरेन सॅपला घेतलं, जो २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. इतक्या वर्षांच्या आकड्यांवर केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी केलेल्या अभ्यासात दिसतं की आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या निवडीपेक्षा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच जास्त असते. मग त्या किंचितासाठी दुप्पट किंमत कशाला?

एक अपवाद मी मानतो: चढण छोटी असेल तर. फिलाडेल्फियाने २०२३ मध्ये कार्टरसाठी दहाव्यावरून नवव्यावर येताना शिकागोला पुढच्या वर्षीचं चौथ्या फेरीचं पिक दिलं. जुन्या तक्त्यात तो फरक १३५० वजा १३००, म्हणजे ५० गुणांचा आहे.

## टप्पा ५: घर तपासा

तोच खेळाडू एका संघात उभा राहतो आणि दुसऱ्यात मोडतो. म्हणून संघाकडे बघा:

- त्याच्या जागेवर दोन-तीन अनुभवी खेळाडू आहेत का, की पहिल्याच रविवारी सगळा भार त्याच्यावर? कार्टर आला तेव्हा फिलाडेल्फियात फ्लेचर कॉक्स आणि ब्रँडन ग्रॅहम होते आणि जॉर्जियातले जॉर्डन डेव्हिस आणि नकोबी डीन आधीपासून होते.
- प्रशिक्षकाला थांबायला वेळ आहे का? यंदा जिंकला नाही तर ज्याची नोकरी जाणार, तो बऱ्या होत असलेल्या गुडघ्याला घाई करणारच.
- त्याची भूमिका एका वाक्यात सांगता येते का? 'तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) बाहेरून रश' हे चालेल. 'कुठेही खेळवू' हे चालणार नाही.

तपासणी. यातल्या दोन उत्तरांत 'नाही' आलं तर लाल शाईचा क्रमांक एक फेरी खाली सरकवा.

## टप्पा ६: वादाची बैठक

आता बोला. तीन भूमिका वाटून द्या: एक बाजूने, एक विरोधात आणि एक फक्त पर्यायाची बाजू मांडणारा. तिसरा माणूस बहुतेक बैठकांत नसतो आणि त्याच्याविना चर्चा त्या एका नावाभोवतीच घुटमळते. ज्याला तो खेळाडू आवडतो त्यालाच विरोधाची बाजू द्या. त्याला त्याच्या उणिवा सगळ्यांत जास्त ठाऊक असतात, फक्त त्या तो एरवी बोलत नाही.

सर्वात नवख्या माणसाने आधी बोलावं, सर्वात जाणत्याने शेवटी.

मग दहा मिनिटं शांत बसून प्रत्येकाने लिहायचं: तीन वर्षं झाली, हा खेळाडू लीगबाहेर आहे, का? बहुतेकांनी एकच कारण लिहिलं तर ती खरी जोखीम, तिच्यावर इलाज शोधा. प्रत्येकाचं कारण वेगळं आलं तर एक तर तुमचा दुसरा टप्पा कच्चा राहिला आहे, किंवा त्या खेळाडूत मोडण्यासारखं फार आहे. दोन्ही वेळा मागे जायचं.

शेवटी बंद मतदान. मत 'हो' किंवा 'नाही' असं द्यायचं नाही, पिकचा क्रमांक लिहायचा. मधला क्रमांक तुमचा निर्णय.

## टप्पा ७: ड्राफ्टची रात्र

त्या रात्री नवा विचार करायचा नाही. पाळीवर मिनिटं मोजकी असतात आणि त्यात माणूस स्वतःला काहीही पटवतो. यादी समोर ठेवा, क्रमांक आला आणि खेळाडू शिल्लक असला तर घ्या.

एकच प्रसंग नीट हाताळायचा आहे. खेळाडू तुमच्या क्रमांकाच्याही खाली घसरत आला तर आनंदाने उडी मारण्याआधी थांबा. घसरणं ही माहिती आहे. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सिडनी जोन्सचं घसरणं साधं होतं: प्रो डेला त्याचा अकिलिस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटलेला सगळ्यांनी पाहिला होता. पण कारण उघड नसताना पंधरा संघ एखाद्याला सोडतात तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी काहीतरी पाहिलेलं असू शकतं. अशा वेळी तुमच्या निरुपयोगी रकान्यात आणखी दहा टक्के टाकून बेरीज पुन्हा करा. तरीही वर राहिला तर घ्या.

इशारा. तुमच्या आधीच्या पिकला शेजारच्या संघाने त्याला नेला तर त्या रागात दुसरा जोखमीचा खेळाडू उचलू नका. त्याच्यासाठी वरचे सहा टप्पे झालेले नाहीत.

## टप्पा ८: हिशेब कधी मांडायचा

पहिल्या हंगामात निकाल लावू नका, वाईटही नाही आणि चांगलाही नाही. पहिल्या फेरीच्या खेळाडूसाठी सोयीची तारीख लीगनेच दिली आहे. तिसरा हंगाम संपल्यावर मेच्या सुरुवातीपर्यंत संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही हे सांगावं लागतं. सिमन्सचा पर्याय टायटन्सने घेतला, फार्लीचा सोडला. त्या दिवशी तुमचे जुने कागद काढा.

कागद तपासताना दोन रकाने वेगळे ठेवा: निर्णय कसा घेतला आणि पुढे काय झालं. कार्टर २०२४ च्या हंगामात प्रो बोलमध्ये गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने सुपर बोल ४०–२२ असा जिंकला. त्याच वर्षी सप्टेंबरात हंगामाच्या पहिल्या सामन्यात, खेळ नीट सुरू व्हायच्या आत, डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटवर थुंकल्याबद्दल त्याला बाहेर काढलं. दोन्ही गोष्टी त्याच खेळाडूच्या. तुमच्या कागदावर 'मैदानावरचा दर्जा' आणि 'वागणूक' या ओळी वेगळ्या असतील तर दोन्हींची नोंद आपापल्या जागी होते. त्या एकाच ओळीत लिहिल्या असतील तर पुढच्या एप्रिलच्या आधी तो कागद नव्याने आखून घ्या.